बारा फेब्रुवारी

कंपनी बंद झाली त्या दिवशी
मी लॅपटॉप परत दिला, दाराचं कार्ड दिलं,
आणि विम्याची दोन कार्डं, एक माझं, एक सुलूचं,
एचआरच्या मुलीनं कात्रीनं मधोमध कापली.
तुकडे तिनं टोपलीत टाकले नाहीत, ठेवले.
आवाज होऊ नये म्हणून असेल.

आता मी तीन दुकानांचे हिशोब लिहितो.
एक अबायांचं, एक टायरचं,
एक रोल्याजवळ, जिथे केशर तोळ्यानं विकतात.
व्हिसा आपला आपण.
विमाही आपला आपण.

बिजू आला ऑगस्टच्या दुपारी,
पाठीवर शर्ट चिकटलेला, काखेत फाईल.
तक्ते त्यानं ओट्यावर पसरले,
कारण टेबल आम्ही विकलं होतं.
चांगला माणूस. काही लपवलं नाही त्यानं.
दात नाहीत, म्हणाला. चष्मा नाही.
दर खेपेला बिलाचा पाचवा हिस्सा तुमचा.
या यादीतलीच हॉस्पिटलं, बाहेरचं एकही नाही.
बाळंतपण आहे.
सुलू सत्तेचाळीसची. म्हणाली,
"मग तेवढं वसूल करून घेऊ."
बिजू लाजला. पाणी मागितलं त्यानं.

मी आकडे मांडले, मला तेवढंच येतं.
एकाची चांगली पॉलिसी, किंवा दोघांच्या साध्या.
"तुझी चांगली घेऊ."
"मला काय धाड भरलीय? तुमचं बीपी बघा."
रात्री साडेबारापर्यंत हेच.
वीस वर्षांत आम्ही एवढ्या हट्टानं
एकमेकांना काही देऊ केलं नव्हतं.
शेवटी दोन साध्या.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ठाऊक होतं.
दुखण्यानंही अंथरूण पाहूनच यावं
हे छापील कागदावर पहिल्यांदा वाचलं.

अर्जात एक चौकट होती : पूर्वीचे आजार.
सुलू म्हणाली, "लिहा, नाही."
तीस वर्षं मी लोकांच्या वह्या लिहितोय.
मी लिहिलं :
पित्ताशयात खडे, तीन.
"सहा महिने थांबावं लागेल," बिजू म्हणाला,
"मग तेही धरतील."

जुन्या कार्डावर ते खडे फुकट निघाले असते.
डॉक्टरांनी तारीखही दिली होती, एप्रिलची.
"नीरजाची बारावी होऊ दे," सुलू म्हणाली होती,
आणि मी मान डोलावली होती.
हे मी कुठल्या वहीत लिहू?

फ्रिजवरच्या कॅलेंडरात तिनं
बारा फेब्रुवारीला लाल गोल केला.
तूप बंद. शेंगदाणे बंद.
वरणाला फोडणीसुद्धा नुसती हिंगाची.
पाहुण्याला ओटीवर बसवून ठेवावं
तसं तिनं दुखण्याला बसवलं.

एकोणीस नोव्हेंबरला ते आत आलं.
रात्री दोन. बरगडीखालून पाठीत,
सुलू उशी चावत होती.
यादीतलं हॉस्पिटल नहद्याला, अकरा मिनिटांवर.
मी गाडी लावली. समोर लाल अक्षरं, सरकतं दार,
दाराशी व्हीलचेअर घेऊन उभा एक मुलगा.
तातडीचं असेल तर पैसे मिळतात.
तातडीचं होतं का, ते नंतर ठरवतात.
आम्ही गाडीत बसून राहिलो.
"थांबा," ती म्हणाली. "जरा बघू."
माझा हात तिनं इतका आवळला
की अंगठीचा वळ उठला.
मुलानं दोनदा आमच्याकडे पाहिलं.
मी एकदा दार उघडलं.
"बंद करा," ती म्हणाली, "ओसरतंय."
खरंच ओसरत होतं का, मी विचारलं नाही.

मी, ज्याला पैपैचा हिशोब विचारायची सवय.

चाळीस मिनिटांनी परत निघालो.
वाटेत तिनं कोमट पाणी घेतलं,
मी करक चहा, साखर जास्त.
घरी आल्यावर वहीत नोंद केली :
पार्किंग, दहा दिरहम.
चहा, दीड.

सुलू भिंतीकडे तोंड करून झोपली होती.
झोपली नव्हती.
"किती राहिले?" तिनं विचारलं.
बोटं मोजायची गरज नव्हती.
पंच्याऐंशी.