खड्ड्याची नोंद

पहिल्या दिवशी मी त्यांना हातमोजे दिले.
पांढरे, सुती. अकरा जोड्या.
गोळीबार चौकातलं समाजभवन, मे महिना,
कूलर पाण्यापेक्षा आवाजच जास्त फेकत होता.
सुगत गजभियेनं मोजे चढवून बॉलिंगची ॲक्शन करून दाखवली.
मी म्हटलं, वस्तू दोन्ही हातांनी धरायची,
रस्सा भरलेला गंज चुलीवरून उतरवता ना, तशी.
हे त्यांना लगेच कळलं.

मग वहीत रकाने आखले:
क्रमांक. नाव. लांबी-रुंदी. साहित्य.
कुणाकडून मिळाली. अवस्था.
अवस्था म्हणजे तुटली, गंजली, कसर लागली,
जे असेल ते खरं लिहायचं.
"खरं लिवलं तं कोन ठेवन?" नुझत म्हणाली.

तिनंच आणला होता पहिला धोटा,
टोकाचं लोखंड झिजलेला,
आत अजून अर्धी कांडी हिरवं सूत.
सुगतनं आजोबांचा गिरणीतला बिल्ला आणला,
नंबर दोन हजार सातशे चार,
परत द्यायच्या बोलीवर.
आम्ही 'देणगी' खोडून 'उसनवार' लिहिलं.
चेतन खापेकरनं कंदील आणला, पणजोबांचा म्हणून.
बुडाशी इतवारीतल्या दुकानाचं स्टिकर होतं, ऐंशी रुपये.
सगळे हसले. तो नाही हसला.
बऱ्याच वादानंतर पाटी ठरली:
'नवा कंदील. आमच्या घरी जुना असायला हवा होता.'

रोशनी निनावे तीन दिवस रिकाम्या हातानं आली.
चौथ्या दिवशी कूलरच्या आवाजाआड म्हणाली,
"मॅडम, आमच्या घरी वस्तूच नाई. खड्डा आहे."
थोड्या वेळानं: "होता. बाबानं बुजवला."
मागाचं लाकूड होळीत गेलं, लोखंड किलोनं गेलं.
खड्डा कोण नेणार?

अठ्ठावीस वर्षं मी वस्तू मांडल्या.
मूर्तीचं नाक, ताम्रपटाचा तुकडा, पेंढा भरलेला बिबट्या.
खड्डा आणायला माणूस कसा पाठवायचा,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून आम्हीच गेलो टांडापेठेत,
गल्लीतून अकरा पोरं, बावीस पांढरे हात.
एक म्हातारी म्हणाली, "कोनी गेलं का?"

चौघांनी मिळून फ्रिज ओढला.
खाली कांद्याची सालं, एक रुपयाचं नाणं,
आणि फरशीत सिमेंटचं चौकोनी ठिगळ,
बाकी जमिनीपेक्षा फिकट.
नुझतनं टेप धरला. तीन फूट बाय अडीच.
रोशनीचे बाबा ई-रिक्षा दारात लावून आले.
"पाहता काय? सिमेंट आहे ते."

कुणी काही बोललं नाही.
मग ते काठाशी बसले, काठ नसलेल्या काठाशी,
पाय पुढं घेऊन.
किती खोल होता, ते सांगायला लागले,
कमरेखाली हात धरून.
सांगता सांगता उजवा पाय दाबला गेला. मग डावा.
मग उजवा.
बोलणं कधी थांबलं, ते त्यांना कळलं नसावं.
पावड्या नव्हत्या, पाय होते,
आणि सिमेंटवर टाचांचा बारीक आवाज.

फोटो एकानंही काढला नाही.
मला वाटलं, पोरांना समज आली.
नंतर चेतन म्हणाला,
मोजे घालून मोबाईल चालत नाई, मॅडम.

उद्घाटनाला पाहुणे समाजभवनातूनच परतले.
टांडापेठेपर्यंत सतरा जण आले.
रोशनीची आई प्रत्येकाला थंड पाणी देत होती
आणि मला विचारत होती, फ्रिज कधी लावायचा जागेवर,
तो अजून खोलीच्या मधोमध उभा होता,
दाराला पाटी चिकटवलेली:

'क्रमांक नऊ. खड्डा.
साहित्य: आधी काही नाही, नंतर सिमेंट.
कुणाकडून मिळाला: देविदास निनावे, विणकर.'

विणकरच्या आधी 'माजी' लिहून खोडलेलं दिसत होतं.
आणि अवस्थेच्या रकान्यात,
पेन्सिलनं, बारीक अक्षरात:
'बाबांना विचारून सांगते.'