घड्याळ कुणाचं

तार्तूत, कार्तुली रस्त्यावर, म्हणजे बटाटा गल्लीत,
(पलीकडे वाटाणा, अलीकडे घेवडा,
सगळी वस्तीच भाज्यांच्या नावाची)
माझा भाऊ काल्यू दारात उभा राहिला
केळ्यांचं खोकं पोटाशी धरून.
खोक्यात केळी नव्हती.
बाबांचं डॅट यंत्र होतं, आठ माइकांचा प्रीअँप,
आणि रबरबँडात बांधलेल्या नऊ टेपा.
"जोड तुझ्या त्या इंटरफेसला," म्हणाला,
"नाहीतर सोमवारी भंगारात देतो."
बूट न काढताच आत आला,
बर्फाचे शिक्के थेट स्वयंपाकघरापर्यंत.

काकडीच्या लोणच्याची बरणी सरकवली, जागा केली.
प्रीअँपला ऑप्टिकल केबल. तिच्या टोकाचा लाल ठिपका
काल्यूनं तळहातावर पाडून पाहिला,
लहानपणी काजवा धरायचा तसा,
आणि मी बघतेय म्हटल्यावर मूठ मिटली.
डॅटला तांब्याची. ती बाबांनी स्वतः डाखलेली,
रेडिओतल्या रात्रपाळीत कधीतरी;
तिला चिकटपट्टी, पट्टीवर त्यांचं अक्षर:
हीच. दुसरी नको.

लावलं.
मोहरी तडतडावी तसं तडतडलं.

मी म्हटलं, घड्याळ.
ह्या प्रत्येक डब्याच्या पोटात एकेक घड्याळ आहे,
सेकंदाचे हजारो तुकडे करत बसलेलं,
आणि प्रत्येकाला वाटतं, आपलंच बरोबर.
एकानं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.
नाहीतर फटीफटीतून हे असं.
"म्हणजे आपलं घर," काल्यू म्हणाला.

मला हसू आलं नाही.
किल्ली कुणाकडे राहील,
दफनाच्या दिवशी भट्टीत लाकडं कुणी घालायची होती,
दोन वर्षं आम्ही दोघंही मास्टर.

इंटरफेसला सांगितलं: बाहेरचं मान.
प्रीअँपलाही तेच. डॅट सांगेल तसं.
लुकलुकणारा दिवा थबकला, मग स्थिर झाला.
स्पीकर बंद ठेवले, वरती मार्गितचं बाळ नुकतं झोपलेलं.
टेप फिरली, पडद्यावर हिरव्या पट्ट्या उठल्या, बसल्या,
आम्ही आवाज नुसता बघत होतो.

मग हेडफोनचा एकेक कान वाटून घेतला.

बाईचा आवाज. जाड, ओढलेला,
गुडघाभर चिखलातून चालल्यासारखा.
"ही आई नाही."
"आहे. टेप अठ्ठेचाळीस हजाराची,
माझी फाइल चव्वेचाळीसची राहिली, कालच्या कामाची."
आकडा बदलला.
चिखल उतरला. आई वर आली,
तिच्या त्या किंचित नाकातल्या आवाजात:
दोन सुलट, एक उलट,
दोन सुलट, एक उलट,
अंगठ्याला सहा टाके सोड, एंदेल, तू लिहितोयस ना?

हातमोजे. बाबांना शिकवतेय, विणकाम.
ह्यातलं कुणी कधी बोललं नव्हतं आमच्याशी.

"अजून तडतडतंय," काल्यू पुटपुटला. "केबल बदल."
दिवा बघितला. स्थिर.
चुकांचा आकडा बघितला. शून्य.
पट्टीवरचं अक्षर बघितलं.
आई थांबली की ते थांबत होतं,
आई मोजायला लागली की पुन्हा
टक्, टक्,
आणि कधी तिच्याआधी अर्धा क्षण,
कुणाच्याच घड्याळात न बसणारं.

"सुया," मी म्हटलं. "स्टीलच्या."

आता प्रोग्रॅम फार अदबीनं विचारतोय:
एकशे एकतीस ठिकाणी टिकटिक सापडली, पुसू का?
काल्यूनं माझ्यावरून हात लांबवला,
मला न विचारता,
आणि नको दाबलं.
मग स्टुलावर बसून नाड्या सोडायला लागला.
उजवा बूट निघाला. डाव्याची गाठ भिजून बसलेली,
ती नखानं उकरत, मान खाली घालून,
ओठांत काहीतरी मोजत होता.