दुसरी वेलांटी

भांडुप, एस विभाग कार्यालय, तळमजला,
खिडकी क्रमांक चार. ही आमची तिसरी खेप.
पहिल्यांदा सर्व्हर बंद होता,
दुसऱ्यांदा साहेब निवडणुकीच्या कामावर.
आज तांडेलबाई जागेवर आहेत,
आणि पंखाही चालू आहे.

जन्म बावीस मार्च, रात्री दोन चाळीस.
ठिकाण कर्णिक सूतिकागृह
(तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे).
दाखल्यावर नावाची चौकट कोरीच होती,
बारसं व्हायचं होतं ना अजून.
नाव थांबू शकतं,
पंधरा वर्षंसुद्धा थांबतं म्हणे, तसा नियमच आहे.
शेजारच्या चौकटीला मात्र दम नव्हता.
पु. आणि टिंब.

मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, पालिकेच्याच शाळेत.
फळ्यावर तीन रकाने. तो, ती, ते.
पोरं विचारायची,
बाई, टेबल ते का आणि खुर्ची ती का?
मी म्हणायचे, कारण नसतं, रूढी असते. पाठ करा.

त्या रात्री नर्स आधी म्हणाली होती,
बाळ आलं.
आलं.
मग दिव्याखाली धरून बघितलं
आणि म्हणाली, मुलगा.
मधे एक श्वासभर वेळ गेला असेल.
तेवढ्यात ते रडलं होतं.

कागद क्रमाने लावलेत.
जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र, त्यासाठी वांद्र्याला चार हेलपाटे.
नोटरीचा शिक्का उमटलेलं प्रतिज्ञापत्र.
राजपत्राची प्रत, तिच्यात नवं नाव, अबोली.
ते तिनंच ठेवलं, पवईच्या भाड्याच्या खोलीत, एकटीनं.
त्या बारशाला मला बोलावणं नव्हतं.
असतं तर गेले असते का,
हा पेपर मी अजून तपासायला घेतलेला नाही.

चार वर्षं मी क्रियापदं चुकवली.
फोनवर, जेवण झालं का.
दारात, उशीर झाला वाटतं.
निघताना, आता परत येणं कधी?
व्याकरण येणाऱ्या बाईला
लपायला जागा पुष्कळ.

तांडेलबाई रजिस्टर उघडतात,
कापडी पुठ्ठा, कोपरा वाळवीनं खाल्लेला.
मूळ नोंद खोडता येत नाही हं, त्या म्हणतात.
रेघ नाही मारायची, पांढरं नाही लावायचं.
समासात लिहायचं. सही, तारीख.
म्हणजे ते तसंच राहणार? अबोली विचारते.
राहणार. पण दाखला निघणार तो समासातला.

समास.
दोन बोटं रुंद, डावीकडची ती जागा.
तिथं मी जन्म काढला, लाल शाई घेऊन.
ऱ्हस्व, दीर्घ, 'पुन्हा लिही', 'अक्षर सुधार'.
पोरं रेघेच्या पलीकडे लिहीत राहायची,
अलीकडे माझं राज्य.
कधी वाटलं नव्हतं
की पोटचं कुणी
तिथं बिऱ्हाड मांडायला येईल.

तांडेलबाई लिहितात, निळ्या पेनानं, सावकाश.
मी चष्मा चढवून वाकून बघते.
लिंग : स्त्रि

आणि निघून जातं तोंडून, वर्गातल्या आवाजात,
अख्खी रांग वळून बघेल इतकं खणखणीत,
अहो, दुसरी वेलांटी!
स्त्री. दीर्घ आहे ती.

तांडेलबाई हसतात. जीभ चावतात.
खोडतात, नीट लिहितात,
आणि खोडल्याचीही सही करतात.

अबोली माझ्याकडे बघत राहते.
मी खिडकीवरची दरांची पाटी वाचत राहते.

किती प्रती?
दोन, ती म्हणते.
तीन द्या, मी म्हणते. एक मला.

बाहेर पायऱ्यांवर ऊन.
मी विचारते, दमलीस?
आणि लगेच,
कुणी मार्क देईल या भीतीनं,
पिशवीत छत्री शोधू लागते.