तीन क्रेडिट

फेब्रुवारी. सॅस्कटूनमध्ये उणे एकतीस.
नौरस अल-हमादने बूट दाराशी काढले,
प्लास्टिकच्या दोन पिशव्यांतून वही काढली
आणि माझ्या टेबलावर ठेवली,
हीटरच्या जरा जवळ.

रजिस्ट्रारच्या खिडकीतून मिसेस फ्रीसेनने
त्याला तीनदा परत पाठवलं होतं.
वाईट बाई नव्हे ती. फॉर्ममध्ये रकाना आहे,
रकान्याला अभ्यासक्रम हवा, अभ्यासक्रमाला शिक्का,
आणि शिक्का मारणारा माणूस
देर-अझ-झोरहून निघाला तो कुठे पोचला
कुणालाच ठाऊक नाही.

'यांत्रिकी, एक सत्र. प्रकाशशास्त्र, एक.
प्रयोगाचे तास नमूद नाहीत.'
मी प्रयोगशाळा सांभाळतो;
मत द्यावं म्हणून वही माझ्याकडे.

उजवीकडून निघालेली अक्षरं मला वाचता येईनात.
आकृती आली. लंबक.
दोऱ्याची लांबी, वीस आंदोलनांचा काळ, पाच वेळा,
एक वाचन खोडलेलं, समासात काहीतरी.
"इथे वीज गेली," तो म्हणाला,
"पुढचं मोबाइलच्या उजेडात मोजलं."

तळाशी उत्तर. नऊचा आकडा तेवढा ओळखीचा,
बाकीचे त्याने बोट ठेवून वाचले: ९.७९.
माझ्या आधी कुणीतरी त्याला लाल गोल काढून
शेजारी लिहिलेलं: चूक. ९.८१.

मी तो लाल गोल बराच वेळ बघत बसलो.
पृथ्वी सगळ्यांना सारखं ओढत नाही.
विषुववृत्ताकडे सरकलं की तिचा हात केसभर सैल पडतो;
युफ्रेटिसच्या काठी ती ९.८०ला पोचत नाही,
इथे, आमच्या बर्फात, ओलांडते.
पुस्तकातून उतरवलं असतं
तर त्याने आमचाच आकडा लिहिला असता.
हा त्याच्या गावचा आहे.

खरं सांगायचं तर
त्याच पानावर त्याने त्रुटीही काढली होती,
अधिक-उणे दोन शतांश.
म्हणजे पुरावा तसा कच्चाच.
शेऱ्यात मी ते लिहिलं नाही.

यांत्रिकीचे तीन क्रेडिट मिळाले.
प्रकाशशास्त्राची वही नव्हती,
ती पिशवी वाटेत कुठेतरी राहिली.

आता दर मंगळवारी
तो अठरा वर्षांच्या पोरांत बसतो,
भिंग खिडकीकडे धरतो, हात थोडा मागे-पुढे,
"पंधरा सेंटिमीटर," पुटपुटतो,
मग पट्टी घेतो
आणि सगळं पहिल्यापासून मोजतो.
तास भरायचे असतात.