आज काही बघायचं नाही

अभिनंदननं सांगलीहूनच लिहून आणले होते
सगळे पॉइंट, वेळेसकट.
तो कागद काल रात्री पार्श्वनं दुधात बुडवला,
म्हणून आज
काही बघायचं नाही असं ठरलं
आणि साडेसातपर्यंत कुणी उठलंच नाही.

खाली घरी एव्हाना गच्ची तापली असेल,
शेजाऱ्यांचा कूलर धापा टाकत असेल.
इथे पाचगणीत स्वस्ति
पांघरुणातून नुसतं नाक बाहेर काढून विचारते,
"आई, हा उन्हाळाच आहे ना?"
तिला खात्री हवी आहे.
नाहीतर शाळा भरायची.

पायरीवर सिल्व्हर ओकची पानं पडलीत,
वरून हिरवी, उलटली की चांदी.
स्वस्तिनं दुकान मांडलं.
चांदीचा आजचा भाव दोन खडे.
पार्श्व खडे देतो, पान घेतो, चावतो, थुंकतो
आणि खडे परत मागतो.
हा व्यवहार अकरापर्यंत चालला.
मी चहा तीनदा गरम केला
आणि तिसऱ्यांदा चक्क प्यायले.

रखवालदार गेनबा द्रोणभर करवंदं ठेवून गेला.
कोंबडा की कोंबडी?
अर्धं चावून आत बघायचं.
पार्श्वचे सगळे कोंबडेच निघाले,
कारण तो न बघताच गिळत होता.

दुपार कलल्यावर पाय मोकळे करायला
जवळच पारसी पॉइंटला गेलो.
(हा कागदावर तिसरा होता, पण आम्ही बघायला नव्हतो गेलो.)
खाली धोमचं पाणी,
मे महिन्यानं आत ओढून घेतलेलं,
काठाला मातीची तांबडी किनार.
"ती कृष्णा," अभिनंदन म्हणाला,
"आपलीच. आयर्विन पुलाखालची."
स्वस्तिच्या ओठांवर कसलं तरी गणित चाललं.
"म्हणजे ती आपल्या आधी घरी जाणार?"
"वाईला, कराडला थांबत थांबत. हो."

पार्श्वनं हे सगळं ऐकून घेतलं
आणि कुणी काही म्हणायच्या आत
डाव्या पायातली निळी चप्पल
कठड्यावरून भिरकावली.
"गेली घरी," म्हणाला.
कणसं भाजणारी बाई इतकी हसली
की तिच्या हातातला पंखा थांबला,
आमचं कणीस एका बाजूनं कच्चंच राहिलं.

एका चपलेच्या माणसाला चालवणार कसं?
दस्तगीरचाचांची घोडी केली.
घोडीचं नाव पेन्शन.
"पळवू नका हां," मी म्हटलं.
"पळणं सोडून पाच वर्षं झाली तिला, ताई."
पेन्शन वाटेत दोनदा उभी राहिली,
एकदा गवतासाठी,
एकदा उगीच.
आम्हीही राहिलो.

संध्याकाळी शेजारच्या खोल्यांतले सगळे
गाड्या काढून सूर्यास्त बघायला गेले.
सासूबाईंचा फोन आलाच:
"दिवस मावळायच्या आत जेवताय ना?"
जेवत होतो, पायरीवरच, दहीभात.
उन्हाचा एक तिरका तुकडा
ताटाच्या काठावर येऊन बसला,
पार्श्वनं तो बोटानं भातात कालवायचा
बराच प्रयत्न केला.
सूर्य कुठल्या बाजूला बुडाला
ते आमच्यातल्या कुणालाच सांगता येणार नाही.

रात्री गारठा.
एकाच रजईत दोघं, आणि चार थंड पावलं माझ्या पोटऱ्यांना.
"आई, चप्पल आता कुठे असेल?"
झुडपात, असं मी म्हणणार होते.
"वाईला," म्हटलं. "घाटावर, गणपतीपाशी."
स्वस्ति जरा वेळ विचारात पडली.
"मग ती देवळाबाहेरच थांबली असेल."
आणि झोपली.

दिवा घालवायला उठले तेव्हा
अभिनंदन दाराशी उकिडवा बसला होता.
हातात ती दुसरी, उजव्या पायाची.
त्यानं तिची माती झटकली,
वर्तमानपत्रात गुंडाळली
आणि बॅगेत, कपड्यांच्या खाली,
नीट ठेवली.