सात नंबर

क्लायपेडा बंदरावरच्या मासळीच्या शीतगोदामात
अठरा स्कॅनर माझ्या ताब्यात आहेत.
सतरा म्हणायला हवं. चार नंबरची काच फुटली,
तो आता खोक्यात, सुट्या भागांपुरता.

पाळी संपली की परत येतात,
कुणाच्या खिशातून, कुणाच्या पट्ट्यावरून,
एक तर नेहमी हेरिंगच्या पेट्यांवर विसरलेला.
नाव विचारावं लागत नाही.
चाप डाव्या अंगानं झिजलेला, तो रिमगौदासचा.
बटणांवर खवल्यांचा पापुद्रा, ती संध्याकाळची पोरं.
काचेवर बारीक ओरखडे, ते सगळ्यांचे.
कितीदा सांगितलं, स्वेटरच्या बाहीनं नको,
लोकरीत मीठ असतं, मिठात वाळू.
मऊ फडकं घ्या, त्यावर स्पिरिटचे दोन थेंब,
काचेवर नाही, फडक्यावर.
ऐकतात. मान डोलावतात.
बाहीनं पुसतात.

उणे चोवीसमधून बाहेर आला
की आंधळा होतो बिचारा.
तेव्हा घाई कामाची नाही.
टेबलावर ठेवायचा आणि चहा प्यायचा,
अख्खा, तळची साखर विरघळेपर्यंत.
तोवर आपसूक बघायला लागतो.
बॅटऱ्या मी कोटाच्या आत पोटाशी धरते.
खुडूक कोंबडी, म्हणतो वीतेनिस.
म्हणू दे. त्याच्या पाळीला चार्ज पुरतो ना?
खाचेतले पितळी ठिपके काळे पडले तर
खोडरबर, नातीच्या दप्तरातलं,
स्ट्रॉबेरीच्या वासाचं. मासळीत तेवढंच.

सोमवारी योकूबास आला, एकोणीस वर्षांचा,
त्याच्या वाट्याला सात नंबर.
अर्ध्या तासात परत: बाई, हा बिघडलाय.
जाऊन बघते तर पोरगं लेबलासमोर
अगदी काटकोनात, नेम धरून.
असं रोखून बघितलंस तर
कागद उलट त्याच्याच डोळ्यात चमकतो.
कलता धर. वाकड्या नजरेनं नव्हे रे,
लाजरं माणूस बघतं तसं.

बीप.

पण आवाज किती बारीक, म्हणाला,
बाकीचे तर बोंबलतात.
जुना आहे, म्हणाले मी.

जुना नाही. चौदापेक्षा नवा आहे.
सात नंबर आल्दोनाचा.
शेवटच्या हिवाळ्यात तिच्या कानात
दिवसरात्र शिट्टी वाजायची,
आणि वर प्रत्येक पेटीमागे ही किंकाळी,
एका रात्रीत दोन हजार.
माहितीपुस्तकाच्या मागच्या पानांवर
फक्त स्कॅनरला वाचता येतील अशा आज्ञा असतात,
नुसत्या पट्ट्या. त्यातली एक: आवाज मंद.
मी ती त्याला दाखवली.
आल्दोना काही बोलली नाही,
खांद्यावर हात ठेवला, हातमोज्यासकट.
मार्चमध्ये तिनं काम सोडलं.
जूनमध्ये आम्ही गार्गझदाईला गेलो,
भर उन्हात, काळे कपडे घालून, कंपनीच्या बसनं.

त्याच पानावर वरच्या कोपऱ्यात
आणखी एक आज्ञा आहे:
कारखान्यातून आलास तसा हो.
एका बीपमध्ये सगळं पुसलं जातं.
कार्यालयाचा निरोप आहे, महिनाअखेर
सगळे स्कॅनर एकसारखे करा.
सोळा केले.

गुरुवारी योकूबास पुन्हा दारात.
एक पेटी काही केल्या वाचत नाही.
पट्ट्या शाबूत, काळ्या कुळकुळीत,
काच स्वच्छ, धरलाय पण कलता.
मी तपकिरी चिकटपट्टीची कड नखानं उचलली,
पट्ट्यांच्या डावीकडची
ती बोटभर पांढरी जागा मोकळी केली.
इथं तर काहीच छापलेलं नाही, तो म्हणाला.
नाही. पण ही झाकली
तर कुठून सुरू होतंय ते त्याला कळत नाही.

त्यानं चाप ओढला.
यंत्राजवळ कान नेऊन
उभा राहिला.