आरपार

ओइवा आजोबा मेणकापडावर गोळ्या ओततात.
दहाच. नखशिखान्त तांब्यानं मढवलेल्या.
"मऊ टोकाची आत गेली की फुलते," म्हणतात,
"मग पिसं उरतात, आणि हिल्क्काच्या हातात नुसतं खिमट."
ही फुलत नाही.
ही पाहुणी बसायला येत नाही,
एका दारानं शिरते, दुसऱ्यानं जाते.

सकाळी उणे एकोणीस. कुह्मोच्या गोठलेल्या दलदलीकडेला
बर्चच्या शेंड्यावर काळा तेरी
कळ्या खुडत होता, निवांत.
बार झाला.
फांदीवरचं हिम तेवढं सांडलं.
पक्षी उडाला
सरळ, काही न झाल्यासारखा,
आणि स्प्रूसच्या रांगेमागे गेला.

"चुकला," मी म्हटलं.
आजोबा काही बोलले नाहीत. स्की बांधल्या.

रक्ताचा थेंब नाही. एक पीस,
तेही कालचं असेल.
दिवस दोन वाजताच विझायला लागला तेव्हा
कुत्री एका खड्ड्यापाशी थांबली, भुंकलीही नाही.
हिमात पंखांचे दोन ठसे,
मधोमध तो, कडक झालेला,
गळ्याच्या पिशवीत मूठभर कळ्या.

रात्री पिसं काढताना आजीला भोक सापडेना.
शेवटी मोज्यातून विणायची सुई उपसली,
इकडून घातली, तिकडून निघाली.
मांस अगदी शाबूत.

"मागच्या हिवाळ्यात तू दोन चुकलास," ती म्हणाली
सुईकडे बघत.
"चुकलासच ना?"

आजोबा गोळ्या मोजत होते.
नऊ.
परत मोजल्या.